चोर्ल्याचा चढ, बर्फातली मासळी आणि तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

“गिअरबॉक्स खोलायलाच लागतंय म्हणूलालेत. दीड लाख सांगितलंय.”

बेळगावच्या शहापुरात खानावळ चालवणारे काका एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर आले, ते हेच बोलत. डबल कॅब डिझेल पिकअप, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, नव्वद हजारांच्या पुढे चाललेली, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. आठवड्यातून दोनदा ते स्वतः गोव्यात म्हापशाला जातात आणि खानावळीसाठी मासळी आणतात. पहाटे तीनला निघायचं, बाजार करायचा, डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा आणि कणकुंबी, जांबोटीवरून बेळगाव गाठायचं. जाताना गाडी रिकामी आणि रस्ता उताराचा. येताना मासळीचे खोके, त्यावर बर्फ आणि समोर चढ.

तक्रार सरळ होती. केरी सोडून अर्धा घाट चढला की इंजिनचे आरपीएम वाढायचे, पण गाडी पुढे सरकायची नाही. थोड्या वेळाने गिअरबॉक्स ऑइल तापल्याचा दिवा लागायचा आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसायची. अर्धा-पाऊण तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. असं तीनदा झालं होतं. तिसऱ्या खेपेला बर्फ वितळला आणि निम्मी मासळी टाकून द्यावी लागली. पैशांपेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं. सांगताना आवाज बदलला होता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडे रोज हा घोळ होतो. मालवाहू ट्रकवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा एएमटी असतो. म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तो घाटात तापला तर क्लचप्लेट जळते, वास येतो, आणि त्याचा इलाज वेगळा. काकांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक होता. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी वस्तू म्हणजे ऑइल. इंजिनच्या बाजूचा पंखा ऑइल फेकतो, त्या ऑइलच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. तेच ऑइल आतल्या क्लचना दाब देतं, दात आणि बेअरिंगना वंगण देतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. म्हणून या गिअरबॉक्सचं आयुष्य ऑइलच्या तापमानावर ठरतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती आधी लिहितो.

ऑइल काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. लाल असायला हवा तो थेंब गडद तपकिरी होता आणि त्याला करपलेला वास होता. गिअरबॉक्सखालची ऑइलची चेंबर उतरवली. मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर होता. एवढा थर कुठल्याही चाललेल्या गिअरबॉक्समध्ये सापडतो. धातूचे तुकडे नव्हते, क्लचच्या अस्तराच्या खपल्या नव्हत्या. कूलरकडून परत येणारा पाइप सोडून बाटलीत धरला, तर आयडलिंगला वीस-बावीस सेकंदांत लिटरभर ऑइल आलं. म्हणजे पंप जिवंत आणि पाइप मोकळे. यावरून माझं मत झालं की गिअरबॉक्स खोलायची गरज नाही, आणि ते मत बरोबर होतं. पण नंतर मी फिल्टर बदलला, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं नवं ऑइल भरलं आणि गाडी देऊन टाकली. ऑइल करपलं का, हा प्रश्न विचारलाच नाही.

बाराव्या दिवशी काकांचा फोन आला, घाटातूनच. पुन्हा दिवा. मी त्यांना म्हणालो, पुढच्या खेपेला मी तुमच्याबरोबर येतो.

गाडीत बसून पाहिलेला घाट

स्कॅनर जोडून मी शेजारी बसलो. या गाडीत गिअरबॉक्स ऑइलचं तापमान लाइव्ह दिसतं. हा सेन्सर चेंबरमधल्या ऑइलचं तापमान सांगतो, कन्व्हर्टरमधून नुकतंच बाहेर पडलेलं ऑइल त्याहून बरंच गरम असतं, हे डोक्यात ठेवूनच आकडे वाचायचे.

म्हापशाहून माल भरून निघालो तेव्हा ७८ अंश. साखळीत ८८. केरी मागे पडलं, अंजुणे धरणाच्या बाजूने चढ सुरू झाला, तेव्हा ९३. इथपर्यंत सगळं ठीक. ८० ते ९५ हे या ऑइलचं नेहमीचं घर.

मग आमच्यापुढे चिऱ्याने भरलेला एक ट्रक आला. ओव्हरटेकला जागा नाही. वेग ताशी वीस-पंचवीस. १०४, १०९, ११५. बाहेर सकाळचे अकरा वाजून गेलेले, घाटात वारा नाही, एसी पूर्ण जोरात. एका आखूड वळणावर वरून एस.टी. आली म्हणून ट्रक थांबला, आम्हीही थांबलो. आणि इथे मला जे बघायचं होतं ते दिसलं. काकांनी ब्रेकवर पाय ठेवलाच नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तशीच धरून ठेवली. मॅन्युअल गाडी अर्ध्या क्लचवर धरतात तसं. पाऊण मिनिटात ११८ चे १२३ झाले.

त्या पाऊण मिनिटात चाकं फिरलीच नाहीत. म्हणजे इंजिनने जेवढी ताकद दिली ती सगळीच्या सगळी ऑइल घुसळण्यात गेली आणि तिची उष्णता झाली. काकांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तीस वर्षं मॅन्युअल गाडी चालवलेल्या माणसाचा पाय तसा जाणारच.

वर चढता चढता १३२ झाले. दिवा अजून लागला नव्हता, पण मी गाडी रुंद जागी बाजूला घ्यायला सांगितली. काकांचा हात लगेच किल्लीकडे गेला. मी हात धरला. इंजिन बंद केलं की गिअरबॉक्सचा पंप थांबतो, पंप थांबला की ऑइल कूलरपर्यंत जातच नाही, आणि सगळी उष्णता आतच कोंडते. गाडी पार्कमध्ये घेतली, हँडब्रेक ओढला, एसी बंद केला आणि इंजिन दीड हजार आरपीएमला धरायला लावलं. दोन मिनिटांत १२६, नऊ मिनिटांत ११२. आधी प्रत्येक वेळी ते इंजिन बंद करून रेडिएटरवर बाटलीतलं पाणी ओतत होते, म्हणून अर्धा-पाऊण तास लागत होता.

मागे बसलेला आमचा बैलहोंगलचा पोरगा खाली उतरला, बोनेटजवळ हात नेला आणि म्हणाला, “भाळ बिसी आगेद री.” फार तापलंय. एवढ्या कडक चढावर इंजिन तापणार, त्यात नवल नाही. पण मला खटकलं ते वेगळं. पंख्याचा आवाज येत नव्हता. एवढ्या तापलेल्या डिझेलचा पंखा विमानासारखा घोंघावला पाहिजे.

उष्णता येते किती

घाटातून परत येताना मी कागदावर हिशेब केला. गाडी, माणसं, मासळी, बर्फ मिळून वजन धरलं तीन टन. चढ धरला सात टक्के, वेग ताशी २५ किलोमीटर. एवढं वजन एवढ्या वेगाने वर ओढायला चाकांवर साधारण १४ किलोवॅट लागतात, टायरच्या घर्षणाचे तीन धरा, झाले १७. कन्व्हर्टर लॉक नसेल आणि शंभरातले ७५ च पुढे जात असतील, तर इंजिनला २३ द्यावे लागतात. मधले सहा किलोवॅट ऑइलमध्ये उष्णता म्हणून राहतात. बाथरूममधले दोन-दोन किलोवॅटचे तीन गिझर सात-आठ लिटर ऑइलमध्ये सोडून चालू ठेवल्यासारखं आहे हे. अर्धा-पाऊण तास.

सपाट रस्त्यावर हे होत नाही, कारण तिथे कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागतो आणि इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडले जातात. घसर नाही, तर उष्णताही नाही. ट्रकच्या मागे हळू चढताना गिअर सारखे वर-खाली होतात, लॉक-अप सुटतो, लागतो, पुन्हा सुटतो. वेग कमी म्हणून समोरून वारा नाही. उष्णता सगळ्यात जास्त तयार होते नेमकी तेव्हाच ती बाहेर टाकायची सोय सगळ्यात कमी असते. निपाणीकडच्या हायवेवर ताशी ऐंशीने चाळीस अंश उन्हात जी गाडी कुरकुरत नाही, ती चोर्ल्यात छत्तीस अंशांत का तापते, त्याचं उत्तर हे आहे.

आणि ही उष्णता जाते कुठे? या गाडीला गिअरबॉक्सचा वेगळा कूलर नव्हता. रेडिएटरच्या खालच्या टाकीत एक नळी बसवलेली, तिच्यातून ऑइल फिरतं आणि भोवतीच्या कूलंटला उष्णता देतं. कूलंट १०५ अंश असेल तर ऑइल त्याच्या खाली येणारच नाही. रेडिएटर आजारी पडला की गिअरबॉक्सला ताप येतो. म्हणून दुखणं गिअरबॉक्सच्या पुढे शोधायचं होतं.

पुढचं सगळं उतरवल्यावर

दुसऱ्या दिवशी बंपर, ग्रिल, बुलगार्ड सगळं काढलं. बुलगार्डवर दोन मोठे दिवे, दोन दिव्यांच्या मधे आडवी पाटी, आणि ग्रिलच्या आत किड्यांसाठी बसवलेली बारीक तारेची जाळी. तोंडावर रुमाल बांधून पळायला सांगावं तशी अवस्था.

समोरून रेडिएटरच्या पुढचा एसीचा कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. पण वरच्या भागात पत्र्याच्या बारीक पापुद्र्या एका बाजूला झोपलेल्या. कुठल्या तरी वॉशिंगवाल्याने प्रेशरचा पाइप जवळून मारला होता. मग कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो पुढे ओढला आणि बॅटरी मधल्या फटीत मारली. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर जाडीची गादी होती. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या शेताच्या रस्त्याची तांबडी माती, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांतून उडणारं पाचट, पतंगांचे पंख, सगळं एकात एक मिसळून वाळलेलं. हाताने ओढली तर गोधडीच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. रेडिएटरचा खालचा तिसरा हिस्सा तिने झाकला होता, आणि खालच्याच टाकीत गिअरबॉक्सची नळी होती.

पंख्याचंही निघालं. इंजिन तापलं की पंख्याला घट्ट धरणाऱ्या व्हिस्कस फॅन क्लचच्या मधोमध मातीने माखलेली तेलकट रेघ होती, म्हणजे आतलं सिलिकॉन ऑइल गळून गेलेलं. इंजिन कडक तापवून बंद केलं आणि पंखा हाताने फिरवला. तो जड लागायला हवा. हा तीन फेऱ्या मारून थांबला.

एवढं झाल्यावर काकांना सगळं मांडून दाखवलं. गादीचा तुकडा हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “ह्याच्यापायी मासळी टाकलो होय मी?”

काय केलं, आणि का

रेडिएटर आणि कंडेन्सर मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुतले. हवा ज्या दिशेने शिरते त्याच्या उलट दिशेने धुवायचं, नाहीतर घाण आणखी आत बसते. पापुद्र्या कंगव्याने सरळ केल्या. फॅन क्लच नवा टाकला. कूलंट बदललं. तारेची जाळी काढली, पाटी खाली घेतली, दिवे बाजूला सरकवले.

एवढंच करून एक खेप मुद्दाम करायला लावली, कारण कशाने किती फरक पडला हे मला कळायला हवं होतं. तसाच माल, तीच वेळ. घाटात जास्तीत जास्त ११६ अंश.

१३२ वरून ११६ म्हणजे मोठी सुटका, पण माझं समाधान झालं नाही. ११५ च्या पुढे या ऑइलमध्ये वार्निश धरायला लागतं, ऑइलचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटा चिकट होतात, १२५-१३० ला रबरी सील कडक पडू लागतात. शिवाय गॅरेजमधला ढोबळ हिशेब असा, की नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. आठवड्यातून दोनदा ११६ म्हणजे दुखणं लांबलं, गेलं नाही.

म्हणून वेगळा कूलर बसवला. कोणता आणि कुठे, यात बऱ्याच जणांचं चुकतं म्हणून सविस्तर लिहितो. नळीवर पापुद्र्या गुंडाळलेला स्वस्त प्रकार घेतला नाही, एकावर एक पत्रे रचलेला प्लेटचा कूलर घेतला, कारण त्याच जागेत तो जास्त उष्णता टाकतो. तो कंडेन्सरच्या पुढे, पण अंगठाभर फट ठेवून, चॅसीला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर बोल्टने बसवला. प्लास्टिकच्या पट्ट्या थेट कंडेन्सरमधून ओवून कूलर टांगलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. आमच्या रस्त्यांच्या हादऱ्याने तो घासतो आणि सहा महिन्यांत कंडेन्सरला भोक पडतं.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. गिअरबॉक्समधून गरम ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीत जाऊ द्यायचं, तिथून बाहेर पडलं की नव्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्समध्ये. उलट केलं तर कूलरने गार केलेलं ऑइल कूलंटमध्ये पुन्हा तापतं. दोन पाइपांपैकी कुठला जाणारा आणि कुठला येणारा हे ओळखायला थंड गाडी चालू करून दोन्हीवर हात ठेवायचे. जो आधी गरम होतो तो गिअरबॉक्समधून बाहेर येणारा. पाइप तीन सुती, गिअर ऑइलचं तापमान आणि दाब सोसणारा. डिझेलचा पाइप इथे लावू नये. तो मऊ पडतो आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात सगळं ऑइल ओकतो. सायलेन्सरपासून वीतभर लांबून नेला आणि जिथे पत्र्याला टेकतो तिथे रबर लावलं.

मधे थर्मोस्टॅटचा बायपास घातला. काकांनी विचारलं, गार करायचंय तर हे कशाला? ऑइल फार गार राहणंही बरं नाही. बेळगावच्या पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या पहाटे ऑइल तापायला वेळ लागला तर लॉक-अप उशिरा लागतो, गिअर जड पडतात, आत धरलेला ओलावा उडून जात नाही. बायपास असला की ऑइल तापेपर्यंत कूलर बाजूला राहतो.

कूलर आणि पाइप भरायला जास्तीचं ऑइल लागलं. पातळी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून तपासली. या गाडीला डिपस्टिक नाही, खालच्या प्लगमधून बारीक धार थांबेपर्यंत बघायचं. कमी भरलं तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल ना दाब धरतं ना उष्णता.

पुढच्या खेपेला घाटातला सर्वात वरचा आकडा १०३.

राहिलेले सहा अंश

त्यानंतरच्या खेपेला मी पुन्हा शेजारी बसलो, फक्त चालवायची पद्धत दाखवण्यासाठी. केरीनंतर चढ सुरू झाला की मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवायचा. आरपीएम थोडे जास्त राहतात, आवाज होतो, पण गिअर सारखे बदलत नाहीत, लॉक-अप टिकतो आणि पंखा व पंप दोन्ही जोरात फिरतात. पुढे ट्रक असेल तर त्याला चिकटून इंचाइंचाने सरकायचं नाही. अंतर सोडायचं आणि एका चालीत चढायचं. थांबायची वेळ आली तर पाय ब्रेकवर, कधीही ॲक्सिलरेटरवर नाही. कडक चढावर दहा मिनिटं एसी बंद. एसीची उष्णता कंडेन्सरमधून थेट रेडिएटरवरच येते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी ९७ च्या वर आकडा गेला नाही.

एक गोष्ट मी काकांना स्पष्ट सांगितली आणि इथेही लिहितो. त्यांचा भार कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त होता. कूलर लावला म्हणून ब्रेक, स्प्रिंग आणि टायर मोठे झाले नाहीत. निम्मा भार बर्फाचाच होता. आता त्यांनी जाड थर्मोकोलचे बंद खोके घेतले आहेत, बर्फ बराच कमी लागतो, आणि मोठ्या खरेदीला दोनऐवजी तीन खेपा करतात. डिझेल जास्त जातं, याबद्दल त्यांची थोडी कुरकुर आहे. मासळी मात्र ताजी येते.

एकूण बिल त्या दीड लाखाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आलं. यात माझं पहिलं ऑइल आणि फिल्टर धरलेलं नाही. ते पैसे मी घेतले नाहीत, कारण तापलेलं ऑइल बदलून तापायचं कारण तसंच ठेवणं ही माझी चूक होती.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, गाडी बोलावून घेतली. पाइपांचे क्लॅम्प पुन्हा आवळले, कंडेन्सर पुढे ओढून मधली फट बघितली. पावसाळ्यातला थोडा चिखल होता, तो धुतला. मग चेकिंग प्लग सोडून त्याच पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. पोरग्याने आधी वास घेतला, मग काकांनी. थेंब पसरत गेला. कडेला फिकट, मधे लाल.